टाळी, खोकला आणि वस्तीची गाडी

हायस्कूलच्या सभागृहात, देवळासमोरच्या मांडवात किंवा तालुक्याच्या छोट्या नाट्यगृहात नाटक करणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं दिली जातात. या वेळच्या पत्रांत तालमीविषयी फारसं काही नाही. बहुतेकांनी प्रेक्षकांविषयीच विचारलं आहे.

प्रश्न : मध्यंतरानंतर अर्ध्या-पाऊण तासात लोक उठायला लागतात. सलग तीन नाटकांना हेच झालं. आमची नाटकांची निवडच चुकते आहे का? (देवगड तालुका)

उत्तर : निवड बदलण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. आडगावातून आलेल्या माणसाची वस्तीची गाडी चुकली, तर रिक्षाला जे पैसे पडतात त्यात चार जणांची तिकिटं निघतात. शेवट बघायची इच्छा असूनही त्याला उठावंच लागतं.

खात्री करून घ्यायला फार काही लागत नाही. दाराशी एका माणसाला घड्याळ आणि संहिता देऊन बसवा. कोणी बाहेर पडलं की त्याने वेळ आणि त्या क्षणी चाललेलं वाक्य, दोन्ही टिपायचं. असं निदान तीन प्रयोग करा. नाटक कुठलंही असलं तरी लोक सव्वानऊ-साडेनऊलाच उठत असतील, तर कारण गाडी आहे. प्रयोग वेगवेगळ्या वेळी सुरू झाला आणि तरी लोक एकाच प्रवेशात उठले, तर मात्र दोष त्या प्रवेशात शोधा.

गाडीचा प्रश्न असेल तर हिशेब उलटा मांडायचा. समजा, शेवटची गाडी ९.४५ ला आहे. स्टँडपर्यंत चालत जायला आणि चपला शोधायला मिळून २५ मिनिटं धरा, म्हणजे पडदा ९.२० ला पडला पाहिजे. नाटक दोन तास दहा मिनिटांचं आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचं असेल, तर तिसरी घंटा ६.५५ ला. ती वीस मिनिटं उशिरा झाली की पडदा ९.४० ला पडतो आणि सव्वानऊनंतर सभागृहात घड्याळं बघणं सुरू होतं. ते पाहून ज्यांना गाडी पकडायची नाही तेही अस्वस्थ होतात. तिकिटावर शेवटची गाडी आणि नाटक संपण्याची वेळ दोन्ही छापा. आपण गाडीचा विचार केला आहे हे दिसलं की माणूस निवांत बसतो.

दुसरं कारण मध्यंतरातले सत्कार. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, दोन मनोगतं आणि आभार यांत पस्तीस मिनिटं सहज जातात. पहिल्या अंकात बांधलेला ताण तोपर्यंत सुटतो आणि नटांना दुसरा अंक थंड सभागृहापुढे सुरू करावा लागतो. सत्कार करायचेच असतील तर पहिल्या घंटेनंतर, सात मिनिटांत आणि उभ्याने उरका. देणगीदाराला आधी भेटून हे समजावून सांगितलं तर तो सहसा नाराज होत नाही. आयत्या वेळी सांगितलं तर नक्की होतो.

चहा-वड्याचाही हिशेब करा. एका टेबलावर एक माणूस मिनिटाला चार जणांना देऊ शकतो असं धरलं, तर दीडशे जणांना अडतीस मिनिटं लागतील. तीन टेबलं मांडली की काम तेरा मिनिटांत होतं. सुटे पैसे घेणारा माणूस वेगळा ठेवा. कढई खिडकीखाली नको. तळणीचा आवाज आणि वास दोन्ही आत येतात आणि पहिल्या अंकाची शेवटची दहा मिनिटं कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत.

प्रश्न : प्रयोगानंतर आम्ही अभिप्रायाचे कागद वाटतो. सगळ्यांवर ‘छान’, ‘उत्तम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. यातून शिकायचं काय? (राजापूर)

उत्तर : काहीच शिकता येणार नाही, कारण ‘नाटक कसं वाटलं?’ असं विचारलं की गावात शिष्टाचाराचंच उत्तर मिळतं. मालवणी मुलखात ‘बरा होता’ म्हणतात. या दोन शब्दांत पसंतीपासून सुटकेपर्यंत काहीही मावतं. त्यातून नटाची आई तिसऱ्या रांगेत आणि दिग्दर्शक गावातल्या शाळेचे गुरुजी. वाईट लिहिणार कोण?

मत विचारू नका, आठवण विचारा. अर्ध्या ए-फोर कागदावर पाच ओळी पुरतात.

पहिली ओळ रांगेची. रांगेचं अक्षर तुम्हीच आधी छापा किंवा शिक्का मारा. प्रेक्षकाला ते आठवत नाही. दुसरी, ‘डोळ्यासमोर राहिलेला एक प्रसंग’. तिसरी, ‘लक्ष उडालं ती जागा’. इथे ‘कंटाळा आला का?’ असं विचारू नका. कंटाळा हा आरोप वाटतो. लक्ष उडालं असं माणूस सहज कबूल करतो. चौथी, ‘कोणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही?’ आणि पाचवी नाटकावरची, आकलनाची: ‘थोरल्या भावाने घर का विकलं?’ अशासारखी. तुम्हाला जे पोचवायचं होतं ते या ओळीच्या उत्तरात दिसलं नाही, तर बाकीच्या चार ओळींत कितीही कौतुक असलं तरी नाटक पोचलेलं नाही. नावासाठी जागा ठेवू नका.

कागद तिकिटासोबत देऊ नका, त्याची घडी होते आणि खिशात जाते. मध्यंतर संपताना जागेवर द्या. पेन्सिली अर्ध्या कापून दिल्या तर पंचवीस पेन्सिलींत पन्नास माणसं लिहितात; पेनं परत येत नाहीत. पडदा पडल्यावर सभागृहातले दिवे पूर्ण लावा आणि पाच मिनिटं ध्वनिक्षेपकावरून काहीही बोलू नका. पेटी बाहेर जायच्या दाराशी असावी. तिच्यामागे कलाकार नको, अनोळखी माणूस हवा.

एक गोष्ट छोट्या गावात फार महत्त्वाची आहे: अक्षर ओळखू येतं. म्हणून कागद संस्थेतल्या कोणी उघडायचे नाहीत. शेजारच्या गावातल्या मित्रसंस्थेकडून एका वहीत उतरवून घ्या आणि मूळ कागद तिथेच फाडायला सांगा. हे होणार आहे असं कागदावर खाली छापा. खरं लिहिणाऱ्याला एवढं संरक्षण आपण दिलंच पाहिजे.

वाचताना सरासरी काढू नका. समजा, चाळीस कागद आले आणि सहा जणांनी ‘ऐकू आलं नाही’ लिहिलं. चाळीसात सहा म्हणजे पंधरा टक्के, फार वाटत नाहीत. पण शेवटच्या चार रांगांतून एकूण आठच कागद आले असतील आणि हे सहाही त्यातलेच असतील, तर मागे बसलेल्या चारांतल्या तिघांना नाटक ऐकूच आलेलं नाही. यासाठीच रांग छापायची. आणि जे लिहून देतात ते बहुधा राजी असलेले असतात. निमूट निघून गेलेल्यांची नोंद फक्त दाराशी बसलेल्या माणसाकडेच असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : मागच्या रांगांतून दर वेळी ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार. सभागृह साठ फूट लांब, वर पत्रे. सहा माइक लावले तरी तेच. (लांजा)

उत्तर : माइक सहा आहेत हाही त्रासाचाच भाग आहे. एका वेळी चालू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट केली की ‘कुई’ सुरू होण्याआधी मिळणारी आवाजाची वाढ सुमारे तीन डेसिबलने घटते. म्हणजे सहा माइक उघडे ठेवून प्रत्येकाचा आवाज दाबून ठेवावा लागतो. रंगमंचाच्या पुढच्या काठावर तीनच ठेवा. प्रत्येकाखाली इंचभर जाडीचा फोम किंवा घडी घातलेली घोंगडी घाला, नाहीतर फळ्यांवरची पावलं शब्दांपेक्षा मोठी ऐकू येतात. स्पीकर माइकांच्या पुढे, आठ-नऊ फुटांवर, तोंड थोडं खाली आणि मागच्या रांगांकडे. पहिल्या चार रांगांना नटाचा नुसता आवाज पुरतो.

आता सभागृह. आवाज आपल्याकडच्या उबदार हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाहून उशिरा परत आलेला आवाज कानाला वेगळा कळू लागतो. तेवढ्या वेळात तो सतरा मीटर जास्त फिरलेला असतो. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. नटाचा शब्द मागच्या कोऱ्या भिंतीवर आपटून पुढच्या रांगांपर्यंत येईतो तीस मीटर जास्तीचे होतात, म्हणून तिथे शब्दाला शेपूट लागतं. मागे बसलेल्याला उलटा त्रास. त्याच्यापर्यंत थेट आवाज क्षीण होऊन पोचतो आणि पत्र्यावरून, बाजूच्या भिंतींवरून आलेला गलका त्यावर चढतो. आवाज वाढवला की गलकाही तेवढाच वाढतो, म्हणून तक्रार जात नाही.

मागच्या भिंतीवर जाड पडदा लावा. कापड भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या म्हणजे भरपूर चुण्या पडतील, आणि भिंतीपासून चार ते सहा इंच सोडून टांगा. भिंतीला चिकटवलेला पडदा फारच कमी आवाज पितो. बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर आवाज बाहेर निघून जातो आणि गलका कमी होतो, पण रस्ता किंवा समुद्र त्या बाजूला असेल तर फायद्याहून तोटा जास्त. पंखे तपासा, खडखडणारा एक पंखा चार रांगा खातो. जनरेटर निदान शंभर फूट लांब आणि भिंतीआड.

पावसात पत्र्याखाली नाटक लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लावावंच लागलं तर पत्र्यावर माडाच्या चुडतांचे झाप दुहेरी अंथरून घट्ट बांधा. थेंब पत्र्यावर न आपटता झापावर फुटतात आणि आवाज बराच दबतो. भिजलेले झाप जड होतात, म्हणून आधी वासे पाहून घ्या. पाऊस सरला की लगेच काढा, वाळलेल्या झापांना आग लवकर लागते.

या सगळ्याच्या आधी शब्दचाचणी करा. एकमेकांशी संबंध नसलेले पंचवीस शब्द घ्या: माड, कुलूप, सावली, होडी, पंचा असे. नटाने नाटकातल्या पट्टीत ते उच्चारायचे आणि शेवटच्या रांगेतल्याने लिहून घ्यायचे. वीसपेक्षा कमी बरोबर आले तर काम बाकी आहे. संवाद वापरून ही चाचणी होत नाही, कारण तालमीला बसणाऱ्याला ते पाठ असतात.

आणि शेवटचं कारण नटाच्या तोंडात आहे. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो, आणि नेमका तिथेच नट श्वास संपल्यामुळे आवाज खाली सोडतो. ‘मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही’ यातलं ‘नाही’ गेलं की मागच्याला उलटंच नाटक दिसतं. मग पुढच्या प्रवेशात तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी सांगतो, आणि दोघांचंही पुढचं वाक्य बुडतं. संहितेत प्रत्येक लांब वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारा आणि श्वास त्यांच्या आधी घ्यायला लावा. आठ दिवसांच्या तालमीत फरक पडतो, आणि खर्च काहीच नाही.

प्रश्न : आमच्या नाटकात बाप मरतो तिथे लोक हसले. कलाकार फार दुखावले. (गुहागर)

उत्तर : दुखावणं समजू शकतो, पण हसणाऱ्यांना दोष देण्याआधी हसू कुठून उठलं ते शोधा. दर प्रयोगात एकाच शब्दावर उठलं असेल तर तो शब्द तपासा. पुण्या-मुंबईच्या संहितेतला साधा शब्द आपल्या बोलीत दुसऱ्या अर्थाने वापरात असतो आणि सभागृहातल्या पोरांना तो आधी कळतो. तो शब्द बदलण्यात लेखकाचा अवमान नाही. मात्र लेखकाला विचारून बदला.

एकाच प्रयोगात हसले असतील तर डोळ्यांना काहीतरी दिसलेलं असतं. मेलेल्या बापाचं पोट हलतं, मांजर विंगेतून फिरतं, मिशी सुटते. मिशीचं कारण आपल्याकडे फार आढळतं, कारण हवेत दमटपणा आणि मांडवात घाम. मिशी लावण्याआधी ओठावरचा भाग स्पिरिटने पुसून कोरडा करा. रंग तिथे लावू नका, तेलकट थरावर काही धरत नाही. स्पिरिट गमचा पातळ थर द्या, पाऊण मिनिट थांबा, बोटाला चिकट लागू लागला की मिशी ठेवून ओल्या फडक्याने दाबा. ओला गम लावून लगेच मिशी चिकटवली तर ती पहिल्या अंकातच सरकते. मध्यंतरात कोपरे पुन्हा दाबून घ्या.

तिसरं कारण ताण. मृत्यू, मारहाण, रडणं हे फार जवळून, फार वेळ दाखवलं की माणूस हसून स्वतःला सोडवून घेतो. हे हसू आखूड असतं, एका कोपऱ्यातून येतं आणि लगेच विरतं. तिथला थांबा कमी करा. तालमीत सहा सेकंदांचा ठेवलेला थांबा प्रयोगात भावनेच्या भरात बारा-पंधरा सेकंदांवर जातो. नटाला ते कळत नाही. विंगेतल्या माणसाला घड्याळ लावून मोजायला सांगा. आणि हसू आलंच, तर नटाने आवाज चढवून ते दाबायला जाऊ नये. हालचाल न करता, पुढचं वाक्य नेहमीपेक्षा खालच्या आवाजात घ्यावं. ऐकण्यासाठी सभागृह आपोआप गप्प होतं.

प्रश्न : विनोदी नाटक. तालमीत पोट धरून हसलो, प्रयोगात साडेतीनशे खुर्च्यांत शंभर माणसं आणि हशा शून्य. (महाड)

उत्तर : हसू शेजाऱ्याकडून लागतं. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असलेला माणूस मनात हसतो, आवाज करत नाही. शंभर माणसं साडेतीनशे खुर्च्यांत विखुरली की प्रत्येक जण एकटा पडतो.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतील तर आधी ऐंशीच मांडा, मधे जागा न सोडता. बाकीच्या मागे थप्पी लावून ठेवा आणि माणसं येतील तशा वाढवा. खाली सतरंजी असावी, नाहीतर लादीवर खुर्ची ओढल्याचा आवाज नेमका वाक्याच्या टोकाला येतो. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहासारख्या किंवा मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या पक्क्या खुर्च्यांच्या ठिकाणी मागच्या रांगांना दोरी बांधा आणि दाराशी नम्रपणे पुढे पाठवणारा माणूस ठेवा. दोरी तिसऱ्या घंटेनंतर दहा मिनिटांनी सोडा. उशिरा आलेल्यांना पुढे पाठवू नका.

हशा आला की तो घ्यावाही लागतो. तो चढतो, टोकाला जातो, उतरतो. टोकावर असताना पुढचं वाक्य टाकलं तर वाक्य बुडतं, आणि प्रेक्षकाला कळतं की इथे हसलं तर काहीतरी चुकतं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर गती मरते. दोन तृतीयांश उतरला की बोला, आणि त्या वाक्याचे पहिले दोन शब्द वाया गेले तरी चालतील असे ठेवा: ‘अहो पण’, ‘नाही म्हणजे’. हशा चालू असताना सहकलाकाराने पाणी पिणं, पंचा झटकणं बंद. नजर तिकडे गेली की हशा तुटतो.

फोनवर सभागृहाचा आवाज मुद्रित करा. फोन विमान मोडवर, मधल्या रांगेच्या पुढे मागे कुठेतरी भिंतीच्या कोनाड्यात. खुर्चीवर ठेवला तर फक्त खुर्चीचीच कुरकूर ऐकू येते. घरी संहिता समोर ठेवून हशाच्या जागी ‘ह’, खोकल्याच्या जागी ‘ख’, चुळबुळीला ‘च’ लिहा. खोकला पावसाळ्यात आणि थंडीत खरा असतो, पण एकाच पानावर पाच ‘ख’ आले तर ते पान लांबलं आहे.

प्रश्न : आमच्याकडचे प्रेक्षक दशावतार बघणारे. लेखी नाटकातही पात्राला मोठ्याने उत्तर देतात. नवे नट गोंधळतात. (कुडाळ तालुका)

उत्तर : त्यांना गप्प बसवायला ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊ नका. या प्रेक्षकाने आयुष्यभर जे नाटक पाहिलं त्यात लिहिलेले संवादच नसतात. आख्यान ठरतं, कोण काय करणार ठरतं, बोलणं जागेवर सुचतं. संकासुर हे राक्षसाचं पात्र तर आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, समोर बसलेल्यांशी सरळ बोलतो. पायपेटी, पखवाज, झांज आणि एक बाकडं एवढ्यावर रात्र काढणाऱ्या त्या रंगभूमीत प्रेक्षक हा बोलणारा भिडू असतो. तो तुमच्याकडे आला तर ती सवय घेऊनच येणार, आणि आम्हाला ती दौलत वाटते.

लेखी नाटकात त्याला काय चालेल हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पहिल्याच शेऱ्याला एखाद्या नटाने हसून प्रतिसाद दिला किंवा डोळा मारला, तर दार उघडलं असं समजून शेरे सुरू राहतात. नाटक सामाजिक, गंभीर असेल तर शेरा आल्यावर नटाने एक श्वास थांबावं, सहकलाकाराकडेच बघत राहावं आणि वाक्य होतं तिथून पुढे न्यावं. दुर्लक्ष केल्यासारखंही नको, आवाज न ऐकल्यासारखं करणं खोटं दिसतं. प्रहसन असेल तर एकाच पात्राला, तेही आधी ठरवून, उत्तर द्यायची मुभा द्या. सगळ्यांनी दिली की नाटक परत रुळावर येत नाही. तालमीत दोन जणांना शेवटच्या रांगेत बसवून मुद्दाम शेरे मारायला लावा. तीन तालमींत नट स्थिरावतात.

शेरे मात्र टिपून ठेवा. ‘अरे दार उघडा आसा मरे’ असं कोणी ओरडलं, तर नेपथ्यातलं दार खरंच उघडं राहिलेलं असतं.

प्रश्न : संगीत नाटकात वन्समोअर द्यावा का? (रत्नागिरी)

उत्तर : द्यावा, पण संपूर्ण पद नव्हे. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअरांनी प्रयोग रात्रभर चालत. आजच्या प्रेक्षकाला गाडी आहे. ऑर्गन आणि तबला यांच्याशी आधी ठरवा की वन्समोअर आला तर अंतऱ्यापासून घ्यायचं आणि दोन आवर्तनांत समेवर यायचं. खूण हाताने नको, पात्राच्या एखाद्या वळण्याने द्या. पूर्ण प्रयोगात दोनपेक्षा जास्त नकोत. पद संपताच त्याच श्वासात पुढचं गद्य सुरू केलं तर मागणी उठतच नाही, हेही लक्षात असू द्या. जिथे वन्समोअर यावा असं वाटतं तिथे दोन सेकंद सोडा.

प्रश्न : मालवणी नाटक. शहरातून आलेल्या पाहुण्यांना कळत नाही म्हणून भाषा सौम्य करावी का? (वेंगुर्ले)

उत्तर : नाही. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीत हजारो प्रयोग केले, आणि समोर बसलेले सगळे मालवणी नव्हते. अडतात ते शब्द फार थोडे असतात. कथानक ज्या पाच-सहा शब्दांवर उभं आहे तेवढे शोधा आणि ते पहिल्यांदा येतात तिथे वस्तू किंवा कृती सोबत दाखवा. नट ‘खळ्यात ये’ म्हणताना खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे, बोट करतो, एवढं पुरतं. भाषा अर्धी शहरी केली तर पाहुण्याला थोडं सोपं जाईल, पण गावच्या माणसाला पात्रं परकी वाटू लागतील. तक्रार करायला तो तुमच्याकडे येणार नाही, फक्त पुढच्या नाटकाला येणार नाही.

प्रश्न : प्रयोगानंतर चर्चा ठेवली. एका गृहस्थांनी वीस मिनिटं भाषण केलं, मग लेखक चिडले. पुन्हा ठेवावी का? (सावंतवाडी)

उत्तर : ठेवा. फक्त क्रम बदला. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बांधलेली एक पद्धत आपल्याकडेही चालते. आधी प्रेक्षक आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगतात. मग कलाकार त्यांना प्रश्न विचारतात. मग प्रेक्षक प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपवायचं नाही. ‘शेवट एवढा घाईत का उरकला?’ हा प्रश्न नाही, ‘शेवटाला किती वेळ द्यायचा हे कसं ठरवलं?’ हा प्रश्न आहे. मत सगळ्यात शेवटी, आणि तेही ‘मला प्रकाशयोजनेबद्दल सांगायचं आहे, चालेल का?’ असं विचारून.

वेळ वीस मिनिटं, एकाला एक मिनिट. माइक प्रेक्षकाच्या हातात देऊ नका, सूत्रधाराने धरावा. भाषण लांबलं तर तो हलकेच दुसऱ्याकडे नेता येतो. पहिला माइक बायकांच्या बाजूला न्या. पुरुष आधी बोलले की पुढची दहा मिनिटं तिकडून कोणी हात वर करत नाही, आणि घरातल्या प्रसंगांतली खोट नेमकी त्यांनाच दिसलेली असते: चूल पेटलेली नसताना भाकरी भाजली, ओल्या हाताने पीठ घेतलं, सुतकातल्या घरात पहिल्याच दिवशी फोडणी दिली. लेखकाने त्या दिवशी एकाही मुद्द्याचा खुलासा करू नये. वहीत लिहून घ्यावं आणि दुसऱ्या प्रयोगाआधी दिग्दर्शकासोबत वही उघडावी. चर्चेला नट रंग पुसून, घरच्या कपड्यांत येऊन बसले तर लोक मोकळे बोलतात. राजाच्या पोशाखातल्या माणसाला ‘तुझं ऐकू आलं नाही’ असं सांगायला कोणी धजत नाही.